मन आजारी असताना कर्जाची पिशवी कशी उघडायची

नैराश्यात पाकिटं उघडली जात नाहीत, फोन उचलला जात नाही. मेनियात, म्हणजे मन बेफाम उत्साहात असण्याच्या आजारी काळात, तीन आठवड्यांत दोन कार्डं संपतात आणि वर चार ॲपची कर्जं होतात. शेवटी दोघांच्याही कपाटात तीच पिशवी असते, बँकांच्या न उघडलेल्या कागदांची.

पिशवीला हात लावण्याआधी दोन कामं. जीव नकोसा वाटत असेल तर कागद राहू द्या, १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास आणि मराठीतही. ‘मी गेलो की घरचे सुटतील’ असं वाटतं, पण जामीनदार आणि सहकर्जदार त्यामुळे सुटत नाहीत.

दुसरं काम गोळ्यांचं. पैसे कमी पडले की पहिली कात्री मानसोपचाराच्या औषधांना लागते आणि तीच सर्वांत महाग पडते. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) किंवा सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रमाच्या आजाराची, औषधं अचानक बंद झाली की आजार उलटतो, मग नोकरी जाते किंवा नवं कर्ज होतं. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जा. डॉक्टरांकडून औषधाचं जेनेरिक, म्हणजे ब्रँडशिवायचं मूळ, नाव लिहून घेतलं तर जनऔषधी केंद्रातही गोळ्या स्वस्त मिळतात.

आता पिशवी. रोज वीस मिनिटं, शेजारी घरातलं एक माणूस, आणि वेळ सकाळची किंवा ज्या वेळी डोकं जरा चालतं ती. पहिल्या दिवशी काही वाचायचं नाही, फक्त सावकारानुसार गठ्ठे करायचे. दुसऱ्या दिवसापासून एका वहीत सहा रकाने: कोणाचं, बाकी किती, व्याज किती, तारण काय, जामीन कोण, शेवटचा कागद कोणता आणि कधी हाती आला. विसरलेली ॲप क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांच्या नोंदीत, सापडतात. सिबिलसह चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. हातउसने आणि खासगी सावकार त्यात नसतात, ते आठवून लिहा.

सगळ्यांत मोठी चूक पुढे होते. जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे जातात. दिवसाला तीस फोन करणारी कार्डवाली आणि ॲपवाली मंडळी बहुतेक विनातारण असतात. त्यांना वसुलीसाठी कोर्टात किंवा लवादात जावं लागतं. खरं नुकसान गुपचूप कागदाने येतं. चेक न वटल्याची कलम १३८ची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. घर तारण असेल तर सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला कोर्टाशिवाय तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस येते. सोनं गहाण असेल तर लिलावाची तारीख असते. असे कागद वहीत लाल पेनाने लिहा. त्यांच्याबरोबरीने भाडं, वीज आणि औषधं. कार्डं शेवटी.

पतसंस्थेचं कर्ज मात्र विनातारण असलं तरी हलक्यात घेऊ नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१खाली पतसंस्था दिवाणी कोर्टात न जाता निबंधकाकडून (सहकारी संस्थांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी) वसुली दाखला मिळवते. मग विशेष वसुली अधिकारी तुमच्या आणि जामीनदाराच्या पगारावर टाच आणतो. निबंधकाच्या सुनावणीची नोटीस आली की जाच. स्वतःला जमत नसेल तर भावाला किंवा वकिलाला पाठवा, उपचाराचे कागद जोडून मुदत मागा, चुकीचं व्याज लावलं असेल तर तिथेच लेखी हरकत घ्या. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध दाद मागायची तर आधी वसुलीपात्र रकमेचे ५० टक्के भरावे लागतात. आधीच कंगाल झालेल्या माणसाला ते कुठून जमणार?

मग हिशेब. समजा पगार ३२,००० आहे. भाडं ९,०००, किराणा-भाजी ८,०००, औषध-डॉक्टर २,०००, वीज-गॅस-मोबाईल २,०००, प्रवास १,५००, शाळा २,५००. झाले २५,०००. हप्त्यांसाठी ७,००० उरतात, मग हप्ते २७,०००चे का असेनात. कोणालाही ७,०००च्या पलीकडचं वचन द्यायचं नाही. कार्डाची ‘किमान रक्कम’ भरत राहणं हा तर खड्डाच. ८०,००० बाकीवर महिना साडेतीन टक्क्यांनी २,८०० व्याज, त्यावर जीएसटी ५०४. तुम्ही ४,००० भरलेत तर मुद्दल ६९६ रुपयांनी कमी होतं.

पगाराचं खातं आणि कर्ज एकाच बँकेत असेल तर बँक थकबाकी खात्यातून वळती करून घेऊ शकते, म्हणून पगार दुसऱ्या बँकेत घ्या. पण आपोआप कापला जाणारा हप्ता नुसता उसळू देऊ नका. प्रत्येक वेळी दोन्हीकडून दंड लागतो आणि २००७च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५खाली तक्रारही होऊ शकते. आधी कर्ज देणाऱ्याला पत्र, मग मॅन्डेट (हप्ता आपोआप कापण्याची तुम्ही दिलेली परवानगी) बंद करण्याचा अर्ज.

पत्रात चार ओळी पुरतात: कर्ज क्रमांक, उत्पन्न का घटलं, दरमहा किती देऊ शकता, किती महिन्यांसाठी. ईमेल करा म्हणजे तारीख राहते. आजाराचं नाव सांगणं बंधनकारक नाही. ‘उपचार सुरू आहेत, पुढचे सहा महिने कामाची क्षमता कमी राहील’ एवढं प्रमाणपत्र डॉक्टरांकडून घ्या. मानसिक आजारामुळे सवलत द्यावीच असा नियम आपल्याकडे नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१पासून मानसिक संकटातल्या कर्जदाराची वसुली काही काळ थांबवता येते. तिकडे राहणाऱ्यांनी ती चौकशी जरूर करावी.

कमी रकमेत कर्ज मिटवायची तडजोड ठरली तर रक्कम भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र हवं. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. रिपोर्टवर ‘सेटल्ड’ शेरा पडतो, पण या घडीला तो परवडतो.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायचा नसतो. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, फोटोची धमकी याचे स्क्रीनशॉट तारखेनिशी ठेवा. आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी लागत नाही. खासगी सावकाराकडे परवाना नसेल तर तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४मध्ये परवाना सक्तीचा आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाला १५१०० वर फोन करा. स्त्रिया आणि दिव्यांग प्रमाणपत्रधारकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

मेनियात केलेले व्यवहार करार कायद्याच्या कलम १२खाली रद्दबातल ठरू शकतात, पण त्या दिवशी भान नव्हतं हे सिद्ध करावं लागतं. त्या आठवड्याचे डॉक्टरांचे किंवा रुग्णालयात भरती झाल्याचे कागद असतील तरच त्या वाटेला जा.

तब्येत बरी असतानाच पुढची तजवीज करा. कार्डाची मर्यादा बँकेकडून १०,००० वर आणा, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ॲपमधून बंद करा, यूपीआयची रोजची मर्यादा घटवा, कर्जाची ॲप फोनमधून काढा. आणि घरच्या एका माणसाशी ठरवून ठेवा: सलग दोन रात्री झोप झाली नाही की कार्ड त्याच्याकडे जाईल आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन होईल, भांडण झालं तरी.