स्टेबल की बीटा? सॉफ्टवेअर डाउनलोड करताना या चुका टाळा

इंदूरमध्ये मराठी मंडळाची स्मरणिका किंवा वधूवर सूची सहसा एकाच संगणकावर तयार होत नाही. मजकूर रामबागेत टाइप होतो, मांडणी सुदामा नगरात होते, शेवटचा हात छापखान्यात फिरतो. तिन्हीकडे वेगवेगळी व्हर्जन असली की फाइल कुठेतरी अडते, आणि नेमकी गणपती तोंडावर आले की अडते. दुकानात ‘भिया, लेटेस्ट डाल दो’ म्हटलेलं असतं, किंवा घरच्याच कुणीतरी डाउनलोडच्या पानावरचा सगळ्यात मोठा आकडा निवडलेला असतो. तो आकडा पुष्कळदा ‘स्टेबल’ म्हणजे रोजच्या कामासाठी पक्क्या केलेल्या व्हर्जनचा नसून ‘बीटा’सारख्या, चाचणीसाठी ठेवलेल्या, अजून पूर्ण न झालेल्या व्हर्जनचा निघतो.

चूक: मोठा आकडा म्हणजे चांगलं व्हर्जन

आकडे कसे वाचायचे हे प्रत्येक सॉफ्टवेअरचं वेगळं असतं. पानांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर असलेल्या स्क्रायबसमध्ये पहिल्या टिंबानंतरचा अंक सम असेल तर स्टेबल, विषम असेल तर डेव्हलपमेंट, म्हणजे अजून घडत असलेलं. म्हणून १.६ कामाचं आणि १.७ चाचणीचं. चित्रांवर काम करण्याच्या गिम्पमध्ये २.१० स्टेबल होतं आणि २.९९ ही ३.० ची तयारी होती, ३.० मार्च २०२५ मध्ये आलं.

हाच नियम दुसरीकडे लावला की फसगत होते. लिबरऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरने २०२४ पासून वर्ष आणि महिना असे आकडे घेतले: २४.८ म्हणजे ऑगस्ट २०२४. उबंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचंही तसंच. २५.०४ मधला २५ विषम आहे म्हणून ते कच्चं ठरत नाही. ते रीतसर आलेलं व्हर्जन आहे, फक्त अशा व्हर्जनला नऊ महिनेच अपडेट मिळतात. ज्याला पुन्हा पुन्हा हात लावायचा नाही अशा मशीनवर एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारं व्हर्जन टाकावं, उदाहरणार्थ २४.०४. त्याला पाच वर्षं नेहमीचे अपडेट असतात. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपने सम-विषमची पद्धत ४० व्या व्हर्जनपासून, म्हणजे मार्च २०२१ मध्ये सोडली, पण जुन्या लेखांत ती अजून सापडते.

आकड्याच्या मागे लागलेला शब्द जास्त भरवशाचा. अल्फा, बीटा, आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम होण्याआधीची प्रत), डेव्ह, नाईटली, डेली, स्नॅपशॉट, प्रिव्ह्यू, कॅनरी यांपैकी काहीही फाइलच्या नावात किंवा लिंकमध्ये दिसलं तर ती फाइल रोजच्या कामाची नाही. लिबरऑफिसचं चाचणीचं बिल्ड (तयार केलेली प्रत) स्थापित झाल्यावर स्वतःचं नावच ‘लिबरऑफिसडेव्ह’ असं दाखवतं. मात्र नेहमीच्या लिबरऑफिसच्या ‘अबाउट’ खिडकीत २४.२.०.३ असा चार भागांचा आकडा दिसला तर घाबरू नका. शेवटची आरसी निर्दोष ठरली की तीच अंतिम म्हणून जाहीर होते, त्यामुळे शेवटचा अंक कितव्या आरसीवर काम थांबलं एवढंच सांगतो.

चूक: जुन्या सल्ल्यावर चालणं

मराठी मांडणी करणाऱ्यांना ही सर्वांत जास्त नडते, आणि तिला कारणही आहे. स्क्रायबस १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट लागत नसत. २०१७ मध्ये १.५.३ आलं, त्यात अक्षरजुळणीचं नवं इंजिन होतं आणि मराठी मजकूर सरळ बसू लागला. पण १.५ ही डेव्हलपमेंटची शाखा होती. स्टेबल १.६.० यायला जानेवारी २०२४ उजाडलं. मधली सहा-सात वर्षं ‘मराठीसाठी डेव्हलपमेंट व्हर्जनच घ्या’ हा सल्ला अगदी बरोबर होता. आता तो लागू नाही, पण व्हिडिओ आणि पोस्टी तशाच पडून आहेत. त्या वाचून लोक १.५ चं जुनं बिल्ड शोधतात किंवा त्याच हिशेबाने १.७ घेतात.

अडचण फाइल परत नेताना येते. जुन्या व्हर्जनची फाइल नव्यात उघडते; नव्यात सेव्ह केलेली जुन्यात उघडेल याची खात्री नसते. १.५ ची फाइल १.४ मध्ये उघडतच नाही. हातातली फाइल कशात बनली हे पाहायचं असेल तर तिची प्रत काढून नोटपॅडमध्ये उघडा. स्क्रायबसची फाइल साध्या मजकुराचीच असते. वरच्या एक-दोन ओळींत ‘व्हर्जन’ शब्दापुढे आकडा मिळतो. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘जीझेड’ असेल तर ती दाबून लहान केलेली असते, आधी ती सोडवून घ्या. लिबरऑफिसच्या फाइलची प्रत काढून नावातल्या शेवटच्या टिंबानंतरचा भाग ‘झिप’ करा, आतल्या ‘मेटा’ फाइलमध्ये ‘जनरेटर’ शब्द शोधा.

काम १.७ मध्ये होऊन बसलं असेल तर ते १.६ मध्ये ओढू नका. विंडोजवर स्क्रायबसची दोन व्हर्जन वेगळ्या फोल्डरांत शेजारी राहू शकतात. तेवढ्या कामापुरतं सगळ्यांनी १.७ चं तेच बिल्ड घ्यावं आणि छापखान्याला पीडीएफ द्यावी. पुढचा अंक मात्र १.६ मध्येच सुरू करा.

चूक: गिटहबवरचं हिरवं बटण

गिटहब ही सॉफ्टवेअरचा मूळ कोड ठेवण्याची साइट, तिथूनही सॉफ्टवेअर उतरवता येतं. लक्षण ठरलेलं: झिप उतरवली, उघडली, पण चालवायची फाइल सापडत नाही. ‘कोड’ या हिरव्या बटणाखालच्या झिपमध्ये त्या घटकेचा मूळ कोड असतो, अर्धवट बदलांसकट. उजवीकडे ‘रिलीजेस’ आहे, तिथे जा. मोबाइलवर ते खाली सरकतं. ‘लेटेस्ट’ अशी हिरवी चिठ्ठी असलेलं घ्या, ‘प्री-रिलीज’ लिहिलेलं सोडा. ‘ॲसेट्स’ उघडल्यावर शेवटच्या दोन ‘सोर्स कोड’ फाइली आपोआप जोडलेल्या असतात. विंडोजसाठी शेवटी ‘ईएक्सई’ किंवा ‘एमएसआय’ असलेली फाइल हवी.

चेकसम (फाइलवरून काढलेला, पडताळणीसाठी दिलेला आकडा) जुळला म्हणजे व्हर्जन स्टेबल, असंही काही जण समजतात. फाइल वाटेत बदलली नाही, एवढंच तो सांगतो. बीटाचाही चेकसम बरोबर जुळतो.

चूक: ‘नाही आवडलं तर परत जाऊ’

फायरफॉक्स ब्राउझरच्या बीटात उघडलेलं प्रोफाइल (बुकमार्क वगैरे असतात तो तुमचा संच) जुन्या स्टेबलमध्ये उघडायला गेलात तर ६७ व्या व्हर्जनपासून ते अडवतं आणि नवं प्रोफाइल करायला सांगतं. बुकमार्क गेलेले नसतात, जुन्या प्रोफाइलमध्ये असतात. पण ऐनवेळी धाबं दणाणतं. बीटा वापरायचाच असेल तर वेगळ्या प्रोफाइलवर वापरा. सध्या कोणत्या चॅनलवर, म्हणजे स्टेबल की बीटा अशा कोणत्या अपडेटच्या मार्गावर आहात हे ‘अबाउट फायरफॉक्स’मध्ये लिहिलेलं असतं.

प्ले स्टोअरवर ‘बीटा’ सोडल्यावर फोनमधलं ॲप आपोआप स्टेबल होत नाही. ते काढून पुन्हा टाकावं लागतं, म्हणून चॅटचा बॅकअप आधी.

डेबियन या लिनक्समध्ये सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं ते सांगणाऱ्या सोर्सच्या यादीत ‘स्टेबल’ हा शब्द लिहिलेला असेल तर नवं व्हर्जन जाहीर होताच पुढचा अपडेट तुम्हाला तिकडे नेऊ लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ट्रिक्सी’ नावाचं व्हर्जन आलं तेव्हा अशा मशीन आधीच्या ‘बुकवर्म’वरून हलायला निघाल्या. तिथे ‘स्टेबल’ऐवजी असं सांकेतिक नाव लिहावं.

विंडोजच्या डेव्ह किंवा कॅनरी या चाचणीच्या चॅनलवरून बाहेर पडायला बहुधा सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. जुना लॅपटॉप घेताना विंडोज बटण आणि आर दाबून ‘विनव्हर’ टाइप करा. तिथे ‘इव्हॅल्युएशन कॉपी’ आणि मुदत संपण्याची तारीख दिसली, तर नव्याने विंडोज टाकून दिल्याशिवाय पैसे देऊ नका.