सुपरचार्जरला बेल्ट कुठला? आधी पुलीचं बघा

सुपरचार्जर, म्हणजे क्रँकवरून बेल्टनं फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप, हातात आला की सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, रिबवाला (लांबीभर उभ्या खाचांचा) बेल्ट लावू का दातांचा? अरे भावा, तो प्रश्न तिसरा हाय. आधी रेशो, मग पुलीची साईज, मग बेल्ट. आणि त्याच्याही आधी एक सांगून ठेवतो, रस्त्यावरच्या गाडीत असला बदल परवानगीशिवाय केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, त्यामुळं खाली लिहिलंय ते ट्रॅकच्या गाडीसाठी किंवा टेस्ट बेंचवरच्या इंजिनासाठी धरा.

रेशो म्हणजे क्रँक पुलीचा व्यास भागिले सुपरचार्जर पुलीचा व्यास, एवढंच. क्रँकला 144 मिमी आणि वर 80 मिमी असेल तर रेशो 1.8, म्हणजे इंजिन 6000 आरपीएमला असताना चार्जर 10800 ला फिरणार. आता 1200 सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन एका फेरीत साधारण 600 सीसी हवा घेतं. एएमआर500 सारखा छोटा चार्जर स्वतःच्या एका फेरीत 500 सीसी ढकलतो, 1.8 ने गुणलं की 900. 900 भागिले 600 म्हणजे दीड पट, कागदावर अर्धा बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जादा दाब. प्रत्यक्षात गळती आणि उष्णता धरून आकडा इकडंतिकडं होतो, शिवाय आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून 550 मीटरच्या आसपास असल्यानं बाहेरची हवाच जरा पातळ, तेव्हा मुंबईवाल्याचा गेजचा आकडा बघून आपली पुली ठरवू नका. आणि चार्जरचा मॅक्स आरपीएम मेकरच्या शीटवर बघूनच रेशो फिक्स करा, कारण 80 ची पुली काढून 75 ची लावली की स्पीड जवळजवळ 7 टक्के वाढतो, सहज म्हणून बदललेली पुली बेअरिंग खाते.

आता जिथं सगळे गंडतात ते. 1.8 रेशो 144 आणि 80 नं पण मिळतो आणि 108 आणि 60 नं पण मिळतो. लोक म्हणतात सेमच की! सेम नाही. समजा चार्जर फिरवायला 6 किलोवॅट लागतात. 144 च्या पुलीवर 6000 आरपीएमला बेल्ट सेकंदाला 45 मीटर पळतो आणि त्याच्यावर ओढ येते साधारण 13-14 किलोची. 108 च्या पुलीवर बेल्ट 34 मीटरनं पळतो, ओढ जाते 18 किलोवर, आणि वर छोट्या पुलीला बेल्टची पकड पण कमी लांबीची. म्हणजे काम तेवढंच, पण बेल्ट जास्त दमतो. म्हणून बॉनेटखाली बसेल तेवढी मोठी जोडी घ्या, फक्त बेल्ट मेकरनं दिलेल्या स्पीडच्या वर जाऊ नका, लई वेगात बेल्ट पुलीवरून उचलायला लागतो.

पुली कुठं करायची हे कोल्हापुरात सांगायची गरज नाही, उद्यमनगरात, वर्कशॉपच्या भागात, गेलं की काम होतं. पण आपल्या गावात गल्लीगल्लीला फाउंड्री असल्यानं "सीआय (कास्ट आयर्न) कास्टिंग मारून घेऊ, स्वस्तात पडतंय" हा मोह होतोच. नका करू. साध्या सीआय पुलीला रिम स्पीड साधारण 33 मीटर प्रति सेकंदापर्यंतच चालतो, आपण 45 वर हाय, फुटली तर रेडिएटर जाईल नाहीतर माणूस. ईएन8 स्टीलच्या बारमधून लेथवर टर्न करा, किंवा चांगल्या ॲल्युमिनियम अलॉयची करून हार्ड ॲनोडाइझ (वरचा थर कडक करायची प्रक्रिया) मारा, नाहीतर रिबा लवकर झिजतात. डायल लावून रनआउट (पुली फिरताना किती हेलकावते ते) बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या क्रँक पुलीत रबरवाला डँपर (क्रँकचे हादरे शोषणारा) असेल तर ते रबर तपासा, बाहेरची रिंग त्याच्यावर सरकते आणि आपण बेल्टलाच शिव्या घालत बसतो.

मग बेल्ट. रिबवाल्यात एका रिबचा पिच 3.56 मिमी, म्हणजे 6पीके (सहा रिबांचा बेल्ट) सव्वाएकवीस मिमीच्या आसपास रुंद आणि 8पीके साडेअठ्ठावीस. कमी बूस्टच्या छोट्या इंजिनाला 6पीके बास होतो, 2002 ते 2006 च्या मिनी कूपर एसमध्ये ईटनचा एम45 चार्जर असल्याच सहा रिबांच्या बेल्टवर होता. जागा असेल तर 8पीके घ्या, पण त्याच बेल्टवर अल्टरनेटर, वॉटर पंप सगळं लटकवू नका, तुटला की गाडी जागेवर तापते. दातांचा बेल्ट, 8 मिमी पिचवाला, स्लिप होत नाही हे खरं, पण मग झटका सगळा पुली शाफ्टला अडकवणाऱ्या चावीवर आणि शाफ्टवर जातो, शिवाय आवाज करतो आणि दातात खडा अडकला की संपलं. पावसाळ्यात गगनबावड्याकडचा चिखल बघितलेल्यांनी कव्हर लावल्याशिवाय दातांच्या नादाला लागू नये. माझं मत विचाराल तर आधी पकड वाढवा आणि रिबवाल्यावरच भागवा.

पकड वाढते आयडलरनं, म्हणजे बेल्टला वळवणाऱ्या मोकळ्या पुलीनं. चार्जर पुलीला बेल्टचा वेढा निदान 150 अंश तरी पाहिजे, 180 मिळाला तर उत्तम. आयडलर आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ढिल्या बाजूला, म्हणजे क्रँक पुलीतून बेल्ट बाहेर पडतो त्या बाजूला. ओढीच्या बाजूला लावलेला स्प्रिंग टेन्शनर ॲक्सिलरेटर दाबला की मागं जातो आणि ऐन वेळेला बेल्ट ढिला. अजून एक गंमत, गिअर बदलताना चार्जरचा रोटर (आतला फिरता भाग) स्वतःच्या जोरावर पुढं पळतो, तेवढ्यापुरती ढिली बाजू ताठ होते आणि टेन्शनर उडतो, म्हणून त्याला स्टॉपर ठेवा. दातांच्या बेल्टला फिक्स टेन्शनर चालतो, पण थंड इंजिनावर करकचून ताणू नका, ब्लॉक गरम होऊन फुगला की ताण आणखी वाढतो.

लांबी सुतळी गुंडाळून मोजा, टेन्शनर मधल्या पोझिशनला ठेवून. सगळ्या पुल्या सरळपट्टी लावून एका रेषेत आणा. बेल्ट उलट्या बाजूनं घेतलात तर चार्जर उलटा फिरेल, हसू नका, होतं असं.

बसवून झालं की फुल लोडला बूस्ट गेज बघा. रूट्स टाईपचा (हवा आत न दाबता नुसती पुढं ढकलणारा) चार्जर असेल तर 5000 ला जेवढा बूस्ट तेवढाच जवळपास 6000 ला टिकला पाहिजे. आरपीएम वर जाता जाता बूस्ट पडत असेल आणि पुलीभोवती काळी पावडर दिसत असेल तर बेल्ट सरकतोय. तेव्हा बेल्टची पकड वाढवायचा तो स्प्रे मारू नका, वेढा मोजा.