ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरनंतरचे काम आपोआप करून घेण्याची पद्धत
अ‍ॅनिमेशनचे रेंडर (दृश्यापासून अंतिम चित्रे, म्हणजे फ्रेम, बनवणे) पूर्ण झाल्यावर त्या फ्रेम जोडून व्हिडिओ आपोआप तयार व्हावा असे वाटत असल्यास, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी फंक्शन लिहून ते ‘रेंडर कम्प्लीट’ हँडलरच्या (ठरावीक घटना घडताच आपोआप चालणाऱ्या फंक्शनांच्या) यादीत जोडावे. येथे ‘रेंडर पोस्ट’ निवडू नये. तो प्रत्येक फ्रेमनंतर चालत असल्याने २४० फ्रेमच्या शॉटमध्ये तीच आज्ञा २४० वेळा सुटते. नवी फाइल उघडताच हँडलर पुसले जातात, म्हणून फंक्शनला ‘पर्सिस्टंट’ डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायची, ते टिकवून ठेवणारी खूण) लावलेला बरा. एफएफएमपेग या फ्रेम जोडून व्हिडिओ बनवणाऱ्या प्रोग्रॅमला आज्ञा देताना फ्रेमरेट न विसरता लिहावा, कारण तो न दिल्यास चित्रमालिका सेकंदाला २५ फ्रेम या गतीची धरली जाते आणि २४ फ्रेमच्या अ‍ॅनिमेशनचा ध्वनीशी मेळ हळूहळू सुटत जातो. रेंडर मध्येच रद्द केल्यास ‘रेंडर कॅन्सल’ चालतो. अर्धवट राहिलेल्या कामाची साफसफाई करणारे फंक्शन तिथे जोडावे.