ट्रूनॅटवर क्षयाची तपासणी: या चुका टाळा

गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे तपासणी यंत्र आता तालुक्याच्या गावी, बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतही पोचलं आहे. यंत्र बॅटरीवर चालतं आणि बेडक्यात क्षयाच्या जंतूचा डीएनए आहे का, हे साधारण तासाभरात सांगतं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याची शिफारस केली. तरी रिपोर्ट फसतात, आणि माझ्या मते ते यंत्रापेक्षा यंत्राच्या आधी नाहीतर नंतर फसतात.

सगळ्यात मोठी चूक डबीतच होते. "यात थुंका" एवढंच सांगितलं की रुग्ण थुंकी देतो, बेडका नाही. आधी साध्या पाण्यानं चूळ भरायला सांगा. मग मोकळ्या हवेत दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकायला लावा. 2 ते 5 मिलि बेडका पुरतो. झाकण न उघडता डबी उजेडात धरा: चिकट, घट्टसर, पिवळट दिसलं तर ठीक. नुसता फेस आणि पाणी असेल तर दुसरा नमुना मागा, रुग्ण कुरकुरला तरी. कारण खोटा निगेटिव्ह घेऊन गेलेला माणूस घरी पोराबाळांत खोकत राहतो.

बेडका पातळ करणारा बफर घातल्यावर दहा मिनिटं थांबायचं असतं. बाहेर रांग वाढली की ही मिनिटं पहिली कापली जातात. मग गुठळी तशीच राहते आणि डीएनए नीट सुटत नाही.

चिपपाशी, म्हणजे ज्या छोट्या पट्टीवर डीएनएची तपासणी होते तिच्यापाशी, हात आणखी जपून. मायक्रोट्यूबमधल्या कोरड्या रसायनात 6 मायक्रोलिटर डीएनए सोडला की 30 ते 60 सेकंद तसाच राहू द्या. टिचकी मारू नका, ट्यूब हलवू नका, पिपेटनं वर-खाली ओढू नका. द्रव आपोआप स्वच्छ होतो. चिपवर सोडताना टिपनं पृष्ठभाग खरवडू नका, थेंब खाचेबाहेर सांडू देऊ नका.

"इनव्हॅलिड" म्हणजे निगेटिव्ह नव्हे. तपासणी नीट झाली का हे दाखवणारा तिच्यातलाच अंतर्गत कंट्रोल चालला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तपासणी परत करा. रजिस्टरमध्ये "नाही" लिहून मोकळं होऊ नका.

आता डॉक्टरांसाठी. हे यंत्र डीएनए ओळखतं, जंतू जिवंत की मेलेला हे त्याला कळत नाही. औषधांनी मेलेल्या जंतूंचा डीएनए काही काळ बेडक्यात येत राहतो. म्हणून उपचार लागू पडतोय का, हे बघायला ट्रूनॅट वापरू नका. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) आहे. पूर्वी क्षयाचे उपचार घेतलेल्या रुग्णात जंतू फार कमी दाखवणारा पॉझिटिव्ह आला, तर लक्षणं आणि एक्स-रे बघूनच ठरवा. उलट, वजन घटतंय, ताप हटत नाही आणि ट्रूनॅट निगेटिव्ह, तर क्षय नाहीच असं सांगू नका. लहान मुलांत आणि फुप्फुसाबाहेरच्या क्षयात हे हमखास आठवा.

पॉझिटिव्ह आल्यावर उरलेला डीएनए टाकून देऊ नका. रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का, हे बघायची वेगळी चिप त्याच डीएनएवर चालते, रुग्णाला पुन्हा बोलवावं लागत नाही. जंतू फार कमी असतील तर तिचं उत्तर "इनडिटर्मिनेट", म्हणजे सांगता येत नाही, असं येऊ शकतं. ते "रेझिस्टन्स नाही" असं वाचू नका. नवा बेडका घ्या आणि कल्चरची सोय असलेल्या लॅबकडे पाठवा.