कारागृहातल्या शिपायांना शिकवायला जाताय?

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्र संपवून कारागृहात काम करू पाहणारी मुलं विचारतात, बंद्यांशी बोलायची तयारी कशी करायची? मी म्हणते, आधी शिपायांशी बोलायला शिका. समुपदेशक दिवसा काही तास आत असतो. रात्री दोन वाजता बराकीत कुणी भिंतीवर डोकं आपटायला लागलं, तर तिथे पोहोचतो तो गस्तीवरचा शिपाई.

मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षण वर्गात हाच शिपाई बऱ्याचदा रात्रपाळी उतरून तुमच्यासमोर बसलेला असतो. त्याला आजारांची यादी ऐकवू नका. त्याने काय काय पाहिलंय ते विचारा. एक हवालदार म्हणाले होते, "मॅडम, गळफास घेतलेला माणूस खाली उतरवलाय मी. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बराकीवर ड्यूटी." ज्याचं कुणी ऐकून घेतलं नाही, त्याने दुसऱ्याचं ऐकावं ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यांना स्वतःसाठीही द्या.

मग प्रसंग करून घ्या. एक जण बंदी, दुसरा शिपाई. पहिल्या खेपेला "ए, नाटकं बंद कर!" हमखास येतं. पुन्हा करायला लावा: काठी बाजूला, नावाने हाक, आवाज खाली, आणि सरळ प्रश्न, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती जवळपास प्रत्येक वर्गात निघते. तसं होत नाही, हे ठामपणे सांगा.

धोक्याच्या वेळा मात्र पाठच हव्यात. आत आल्याची पहिली रात्र, जामीन फेटाळल्याची संध्याकाळ, नशा तुटल्यानंतरचे दिवस, मुलाखतीला, म्हणजे भेटीच्या वेळी, घरचं कुणी न येणं. अशा माणसाला एकट्याला कोठडीत ठेवणं सोयीचं वाटतं. एकटेपणाने धोका वाढतो. त्याला सोबत हवी.

कायदा थोडक्यात सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतात, त्यामुळे दमदाटी नको, उपचार हवेत. कलम ३१ तुरुंगातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला सांगतं. शिपायाचा उल्लेख तिथे नाही. म्हणून आपलं काम.

निघण्याआधी अधीक्षकांकडून एवढं मंजूर करून घ्या: पाळी बदलताना काळजी वाटणाऱ्या बंद्यांची नावं वहीत लिहायची, आणि ती पुढच्या शिपायाला तोंडीही सांगायची.