उन्हाला दोष देण्याआधी कूलंटचा पाईप दाबून बघा

"मामा, गाडी लई गरम व्हायलीय."

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या यात्रेला निघालेल्या भाच्याचा फोन मांजरसुंब्याच्या घाटातून आला. सकाळचे साडेदहा, ऊन चढलेलं, पुढं ट्रॅक्टर, जीप, पायी जाणाऱ्यांची रांग. मोटारसायकल दुसऱ्या गिअरच्या वर जाईना आणि टेंपरेचरचा लाल दिवा लागलेला.

"कूलंट बघितलंस का?"

"बघितलं की. बाटली भरलेलीच आहे. ऊनच तसलं हाय मामा, काय करावं."

ऊन होतंच. पण कूलंटची बाजूची बाटली भरलेली असताना रेडिएटर, म्हणजे इंजिनातलं गरम कूलंट गार करणारी जाळी, निम्मा रिकामा होता. वरच्या पाईपाला इंजिनाकडच्या टोकाशी, क्लिपच्या अगदी कडेला, नखाएवढी चीर पडली होती. पेट्रोलच्या टाकीखाली असल्यानं दिसत नव्हती. गळलेला थेंब गरम इंजिनावर पडून तिथंच वाळत होता, त्यामुळं जमिनीवर कधी ओल दिसली नाही. सात वर्षांची सेकंडहँड गाडी आणि पाईप पहिल्या दिवसापासूनचे.

मराठवाड्यात उन्हाळ्याला दोष देणं सोपं आहे. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात, ते पाऱ्यालाही लागू पडतं. पण हिशेब बघा. बाहेर ४३ अंश असले तरी पाईपातलं कूलंट पौषातल्या थंडीतसुद्धा ८० ते १०० अंशांच्या दरम्यानच असतं. थर्मोस्टॅट नावाचा व्हॉल्व्ह त्याच कामासाठी बसवलेला आहे. म्हणजे पाईपाचं रबर बाराही महिने तेवढ्याच तापात शिजतंय. उन्हाळा रेडिएटरचं काम अवघड करतो, हे खरं. हिवाळ्यात झाकून गेलेली गळती एप्रिलमध्ये उघडी पडते ती त्यामुळं. मूळ दुखणं मात्र जुनं असतं.

बाटलीवर विश्वास ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी तीच. इंजिन तापलं की कूलंट फुगतं आणि रेडिएटरच्या झाकणातून बारीक नळीवाटे बाजूच्या बाटलीत जातं. गाडी थंड झाली की तेच कूलंट झाकणातल्या छोट्या व्हॉल्व्हमधून परत ओढलं जातं. आता पाईपाला चीर असेल, तर थंड होताना रेडिएटर बाटलीतून कूलंट कशाला ओढेल? त्या चिरेतून हवा ओढणं त्याला सोपं. मग बाटलीतली पातळी जिथल्या तिथं आणि रेडिएटर रोज घोटभर रिकामा. झाकणापासून बाटलीपर्यंतची ती बारीक नळी तडकली किंवा झाकणाचं रबर कडक झालं, तरी हेच होतं.

म्हणून महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी रात्रभर थंड झाल्यावर रेडिएटरचंच झाकण उघडून बघा. कूलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे.

गरम असताना झाकणाला हात लावू नका. निम्मं कूलंट, निम्मं पाणी या मिश्रणाला एरवी १०७ अंशांच्या आसपास उकळी फुटते. झाकणाच्या दाबाखाली तेच १२५ अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम तोंडावर येतं. ओलं फडकं गुंडाळून उघडायची हुशारीही नको. तासभर थांबा, चहा घ्या.

दुसऱ्या प्रकारची माणसं बाटली कमी झाली की भरतात, आठवड्यानं पुन्हा भरतात. कूलंट पेट्रोलसारखं संपत नाही. कमी झालं म्हणजे कुठंतरी गेलं. ते कुठं गेलं हे शोधायचं सोडून भरत राहणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं.

नुसत्या डोळ्यांनी तपासणं

पाईप वरून काळा कुळकुळीत दिसतो, म्हणून चांगला समजू नका. हे पाईप बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात आणि आत धाग्याची जाळी असते. इंजिनाचा धातू, कूलंट आणि रबर यांच्यात बॅटरीसारखी सूक्ष्म विद्युत-रासायनिक क्रिया चालते आणि रबराला आतून बारीक चिरा पडत जातात. त्या टोकांजवळ जास्त पडतात. वरचा थर शेवटपर्यंत शाबूत राहतो.

इथं बोटांनीच काम होतं. गाडी थंड असताना पाईप आधी मधोमध दाबा, मग क्लिपपासून दोन बोटं अंतरावर दाबा. दोन्हीकडं सारखाच लागला पाहिजे. टोकाशी पिठासारखा मऊ लागला, आत काहीतरी करकरल्यासारखं वाटलं, लाकडासारखा कडक झाला असेल किंवा क्लिपच्या मागं फुगवटा आला असेल, तर बदला. आणि बदलताना सगळेच बदला. एक पाईप गेला तर बाकीचे त्याच्याच वयाचे आहेत.

क्लिपभोवती हिरवट, निळसर किंवा गुलाबी पापुद्रा दिसला, तर तिथून कूलंट झिरपून वाळलंय. गाडी उभी केल्यावर गोडसर वास येणं हीदेखील तीच खूण. काही पाईप फक्त पहाटेच्या गारठ्यात टिपकतात आणि गरम झाल्यावर फुगून बंद होतात. असली गळती गॅरेजात दुपारी कधीच सापडत नाही, म्हणून रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा.

पण प्रत्येक थेंब पाईपाचा नसतो. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून कूलंट येत असेल तर पंपाचं सील गेलंय, कितीही पाईप बदलले तरी ते थांबायचं नाही. कूलंट कमी होतंय, बाहेर कुठंच ओल नाही आणि इंजिन ऑईल दुधाळ झालंय, तर गाडी चालवू नका. कूलंट इंजिनाच्या आतच ऑईलमध्ये मिसळतंय, ते बहुतेकदा हेड गॅस्केटचं काम असतं.

आमच्या भागातला आणखी एक गुन्हेगार म्हणजे उंदीर. गाडी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी नाहीतर सरकीच्या ढिगाजवळ लावली, की तो आधी वायरिंग आणि मग पाईप कुरतडतो. दाताच्या खुणा दिसल्या तर टेप लावून वेळ मारून नेऊ नका.

शेतातली नळी गाडीला

फवारणीच्या पंपाची नळी, ठिबकची लॅटरल, गॅसची नारिंगी नळी, हे सगळं मी कूलंटच्या जागी बसवलेलं पाहिलंय. ठिबकची नळी शेतातल्या गार पाण्यासाठी असते. ९०-१०० अंशांचं दाबाखालचं कूलंट तिला काही तासांत लोळागोळा करतं. दुकानातला सरळ रबरी पाईप वाकवून बसवला, तर वळणावर तो दुमडतो आणि तिथंच कूलंट अडतं. मूळ पाईप साच्यात वळण देऊनच घडवलेला असतो, त्यामुळं गाडीच्या मॉडेलचाच पाईप मागवा. सिलिकॉनचा संच चांगला टिकतो, पण त्याच्यासाठी क्लिप आतून गुळगुळीत हवी. खाचांची क्लिप मऊ सिलिकॉन कापते.

काढताना आणि बसवताना

जुना पाईप नळकांड्याला चिकटलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर आत घालून उचकटला, तर रेडिएटरच्या अॅल्युमिनियमच्या तोंडावर ओरखडा पडतो. मग नवा पाईपसुद्धा तिथूनच गळतो. दोनशेचा पाईप वाचवायला गेलेला माणूस रेडिएटर घेऊन येतो. आधी हातानं पिळून सुटतो का बघा. नाही सुटला तर ब्लेडनं लांबीच्या दिशेनं हलकेच चीर पाडून सोलून काढा, पण ब्लेड धातूला लागू देऊ नका. तो तसाही टाकूनच द्यायचा आहे. नंतर तोंडावरचा पांढरा थर बारीक पॉलिश पेपरनं साफ करा.

नवा पाईप चढत नाही म्हणून ग्रीस, ऑईल किंवा व्हॅसलीन लावू नका. खनिज तेलानं ईपीडीएम फुगतं आणि नव्या पाईपाचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी होतं. बोटानं थोडं कूलंट लावलं की तो सरकतो.

क्लिप तोंडावरच्या फुगीर कडेच्या मागं बसली पाहिजे, कडेवर नाही. स्क्रूची क्लिप जोर लावून आवळणारे फार. रबर क्लिपच्या बाजूनं वर आलं म्हणजे जास्त झालं. कंपनीची स्प्रिंगची क्लिप असेल आणि तिचा ताण शाबूत असेल, तर तीच परत वापरा, कारण गरम-थंड होताना ती पाईपाबरोबर स्वतः जुळवून घेते. पाईप सायलेन्सरच्या बेंडला किंवा चेसीच्या कडेला घासत नाही ना, हेही बघा. मूळ पाईपावर उष्णतेपासून वाचवणारी बाही असेल तर ती नव्यावर चढवायला विसरू नका.

बोअरचं पाणी

२०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या आपल्या भागात खोल बोअरचं पाणी कसलं असतं, ते घरातल्या गिझरची कॉईल उघडून बघा. तोच चुना रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कॉन्सन्ट्रेट कूलंट असेल तर बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं मिसळा. तयार कूलंटमध्ये ते आधीच मिसळलेलं असतं, त्यात पाणी घालायचंच नाही. रंग बघून कूलंट निवडू नका, कारण रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तो घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका. दोनशे सीसीच्या गाडीला साधारण लिटरभर लागतं, तिथं कंजुषी कशाला.

हवा न काढणं

पाईप बदलून, कूलंट भरून, झाकण लावून थेट रस्त्याला लागलात तर दहा किलोमीटरवर लाल दिवा लागेल आणि नवा पाईप खराब निघाला असं वाटेल. आत हवेचा फुगा अडकलेला असतो. थंड इंजिनात झाकण काढून हळूहळू भरा, गाडी डावी-उजवीकडं हलवा, पाईप हातानं दाबत राहा. मग झाकण उघडं ठेवूनच इंजिन काही मिनिटं सुरू ठेवा, आपलं तोंड मात्र लांब ठेवा. बुडबुडे थांबले आणि पातळी स्थिरावली की झाकण लावा. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा बोल्ट असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडून पातळी बघा. हमखास थोडी उतरलेली असते.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकणारेही भेटतात. मग हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही आणि ॲव्हरेज पडतं. गळणारा पाईप गळतच राहतो.

काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहर असतं. शेळी, कुत्रं, मांजर चाटून जातं. डब्यात भरून झाकण लावा आणि गॅरेजला द्या.

भाच्याचं त्या दिवशी काय झालं? इंजिन थंड होईपर्यंत तो लिंबाखाली बसला. चीर सापडल्यावर पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मागून घेतली, ताणून गुंडाळली, वरून तार आवळली आणि रेडिएटरमध्ये पिण्याच्या बाटलीतलं साधं पाणी भरलं. मीच त्याला येरमाळ्याकडं जायला नको म्हणालो. घाट उतरून, मधे दोनदा थांबून, चाळीसच्या वेगानं तो बीडला परत आला. पाणी दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. पाईप यायला चार दिवस लागले, तोपर्यंत यात्रा उलगली होती.