टाळूच्या ऑपरेशननंतर बोलणं कसं तपासावं

दुभंगलेली टाळू शिवली, जखम भरली, दूध नाकातून यायचं थांबलं, तरी बोलणं गेंगाणंच राहिलं, असं पुष्कळदा होतं. ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण 20 ते 30 टक्के जणांत टाळूचा मागचा मऊ भाग बोलताना नाकाची वाट पुरती बंद करू शकत नाही. पण ‘नाकात बोलतो’ म्हणजे निदान नव्हे. टाळू कमी पडते म्हणून काय बिघडतं आणि चुकीच्या सवयीमुळे काय बिघडतं, हे वेगळं करणं म्हणजे तपासणी. टाळू कमी पडत असेल तर बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया लागते, सवय मोडायला थेरपी लागते. यांची अदलाबदल झाली की वर्षं वाया जातात.

अंतिम निर्णय स्पीच थेरपिस्टचा. तरी घरी नीट ऐकून गेलात तर तिथलं काम निम्मं होतं.

आधी कान आणि नाक

टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचण्याचं प्रमाण फार मोठं असतं. जे धड ऐकू येत नाही ते धड उच्चारताही येत नाही, म्हणून श्रवणचाचणी आधी करून घ्या. सर्दी असेल तर तपासणी पुढे ढकला. साधारण तीन वर्षांच्या आसपास मूल मागे मागे म्हणू लागतं, तेव्हापासून खालच्या चाचण्या जमतात.

रेकॉर्ड करा, मग ऐका

दोन-तीन मिनिटं मोकळ्या गप्पा फोनवर रेकॉर्ड करा. ऐकायला घरच्यांपेक्षा बाहेरचं कुणी बसवा. घरच्यांना सवय झालेली असते, त्यांना सगळं कळतं. बोलताना नाकपुड्या आक्रसतात का, तेही पाहून ठेवा. सुटणारी हवा अडवण्याची ती शरीराची धडपड असते.

आकडे म्हणून घ्या

मराठीने इथे आयती सोय करून ठेवली आहे. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... अडुसष्टपर्यंत एकही अनुनासिक नाही, आणि ‘स’, ‘ष्ट’ यांना तोंडात हवेचा भरपूर दाब लागतो. टाळू गळत असेल तर इथे उघडी पडते. अडुसष्टलाच थांबा, कारण एकोणसत्तरमध्ये ‘ण’ आहे. मग उलट बाजू: एक्क्याण्णव ते नव्याण्णव. इथे ‘ण्ण’ नाकातूनच यायला हवा. ‘ब्याण्णव’चं ‘ब्याड्डव’ होत असेल, ‘मामा’चा ‘बाबा’ होत असेल, तर हवा जास्त जात नाही, नाकच चोंदलंय. दोन्ही दोष एकाच माणसात असू शकतात आणि एकमेकांना झाकतात.

आरसा आणि चिमटा

थंड छोटा आरसा नाकपुड्यांखाली धरून ‘पा पा पा’, ‘टा टा टा’, ‘का का का’ म्हणायला सांगा. आवाज सुरू झाल्यावर आरसा लावा आणि संपण्याआधी काढा, नाहीतर साध्या श्वासाचीच वाफ दिसेल. मधल्या वेळात आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून गळते आहे. आता ‘बाबा पाटी द्या’ हे वाक्य एकदा नाक मोकळं ठेवून, एकदा चिमटीत धरून. टाळू नीट बंद होत असेल तर दोन्हींत फरक पडत नाही. आवाज बदलला तर नाकाची वाट उघडी आहे.

फक्त ‘पा’, ‘टा’ गळतात आणि ‘का’ स्वच्छ येतो? मग टाळूच्या पुढच्या भागात छिद्र उरलंय का ते बघायला सांगा. ‘क’चा अडथळा छिद्राच्या मागे होतो, म्हणून तो वाचतो. सगळेच गळत असतील तर संशय मागच्या मऊ टाळूवर.

सगळ्यात फसवी पायरी: सवयीचे उच्चार

तोंडात दाब साठत नाही हे कळल्यावर मूल स्वतःच वाट काढतं आणि हवा खाली, घशातच अडवायला लागतं. ‘पाटी’ऐवजी ‘आ-ई’सारखं काहीतरी येतं, मधे गळ्यात झटका. तो हलका असतो, पालकांना वाटतं अक्षर गाळलं. कुणी ‘स’ घशात घासतं, कुणी ‘ट’ मागे नेऊन ‘क’ म्हणतं. टाळू पुढे कितीही उत्तम शिवली तरी या सवयी राहतात. त्या थेरपीनेच जातात.

उलट उदाहरणही आहे आणि ते हमखास चुकतं. मूल फक्त ‘स’ आणि ‘श’ नाकातून फुसकारतं, बाकी ‘प’, ‘ट’, ‘क’ खणखणीत. नाक धरलं की ‘स’ पुरता बंद पडतो. टाळू बरोबर असल्याशिवाय ‘प’ खणखणीत येणार नाही. म्हणजे ‘स’ चुकीचा शिकला गेला आहे, आणि त्याला शस्त्रक्रिया नको.

शिट्या, फुगे, फुंकण्याचे व्यायाम यांत वेळ घालवू नका. फुंकताना टाळू बंद होते ती रीत बोलण्याहून वेगळी असते, त्यामुळे ना त्यातून तपासणी होते ना उपचार.

तोंडात बघून काय कळतं?

टॉर्चने छिद्र, दातांची ठेवण, टॉन्सिल दिसतात. ‘आ’ म्हणताना टाळू उचलताना दिसली तरी ती घशाच्या मागच्या भिंतीला टेकली की नाही, ते तोंडातून दिसत नाही. ते टेकणं वर, पडजिभेच्या मागे होतं. त्यासाठी नाकातून बारीक दुर्बीण घालतात किंवा बोलताना हलता एक्स-रे काढतात, नेझोमीटरने आवाजातला नाकाचा वाटा मोजतात. दुर्बिणीच्या वेळी मूल चुकीच्या जागीच उच्चार करत राहिलं तर टाळू हलतच नाही आणि फट आहे त्याहून मोठी वाटते. म्हणून काही योग्य उच्चार आधी शिकवून मग दुर्बीण घालणं शहाणपणाचं.

आणखी एक. नाकामागच्या अॅडेनॉइड ग्रंथी काढण्याचा सल्ला कुणी दिला, तर टाळू दुभंगली होती हे आधी सांगा. कित्येकांची टाळू त्या ग्रंथीलाच टेकून नाक बंद करत असते. ती काढली की चांगलं बोलणारं मूलही गेंगाणं बोलू लागतं. वयात येताना ग्रंथी आपोआप आक्रसते, म्हणून तेव्हा एकदा पुन्हा साठ ते अडुसष्ट म्हणून घ्यावं.